‘फवारू नका’ सांगायचे पैसे

एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कीटकशास्त्र मनापासून आवडतं, पण घरचे म्हणतात, ‘किडे मोजून पोट भरतं का? एमपीएससी दे.’ फळबागा आणि लँडस्केप यांच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनात, म्हणजे आयपीएममध्ये, खरंच करिअर होतं का? रोजचं काम काय असतं? आणि मुलीला ते झेपतं का?

पोट भरतं. माझं सव्वीस वर्षं भरतंय. पहिली सोळा वर्षं नाशिक-सोलापूरकडच्या द्राक्ष-डाळिंबात गेली, नंतरची दहा पुण्याच्या आसपासच्या सोसायट्यांच्या आणि कंपन्यांच्या आवारातल्या झाडांत. पण कसं भरतं ते आधी समजून घे, कारण या धंद्यातली मोठी अडचण किडे नाहीत, बिल आहे. डॉक्टरनं ‘औषधाची गरज नाही, पाणी प्या आणि झोपा’ असं सांगितलं की फी देताना आपण कुरकुरतो ना, तीच आमची गत. आमचा सगळ्यात मोलाचा सल्ला म्हणजे ‘या आठवड्यात फवारू नका’. तो देण्याआधी दोन तास बागेत वाकून मोजावं लागतं, आणि त्याचे पैसे मागताना जीभ अडखळते.

दिंडोरी तालुक्यातली एक बाग सांगतो. फेब्रुवारीचा महिना, मण्यांत साखर भरायला लागलेली, काढणी तीन-चार आठवड्यांवर. घडांत मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, दिसला. या टप्प्यावर औषध मारलं तर अवशेष राहणार, म्हणून मी क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडायला लावले. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ मध्ये आपल्याकडे कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला होता, तिथं त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण पिठ्या ढेकणावर मात्र तुटून पडतो. काळपट पाठ, नारिंगी डोकं, मसुरीच्या डाळीएवढा. अठरा-वीस दिवसांनी मालकाचा फोन: ‘साहेब, तुमचे भुंगेरे उडून गेले अन् मिलीबग दुप्पट मोठा झालाय. बाया चिरडून चिरडून दमल्या.’

गेलो. दोन मावश्या एकेक घड हातात धरून फडक्यानं पुसत होत्या आणि ‘मोठा मिलीबग’ अंगठ्याखाली चिरडत होत्या. भिंग लावून पाहिलं आणि पोटात गोळा आला. ती क्रिप्टोलेमसची पिल्लं होती. या भुंगेऱ्याची अळी हुबेहूब मिलीबगचं सोंग घेते. अंगभर पांढऱ्या मेणाचे लांब, वेडेवाकडे झुपके, फरशी पुसायच्या मॉपसारखे. मिलीबगचे झुपके आखूड असतात आणि तो लंबगोल, सुस्त, एका जागी चिकटून बसलेला असतो. मी भुंगेरे सोडून निघून गेलो होतो, त्यांची पिल्लं कशी दिसतात ते बागेत काम करणाऱ्या कुणालाच दाखवलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. मावश्या सांगितलेलं काम चोख करत होत्या.

मग एक घड तोडून बांधावर बसलो आणि चौघांना काडीनं टोचून दाखवलं. मिलीबग हलत नाही, अळी तुरुतुरु पळते. त्यातल्या एका मावशीनं तिथंच सूत्र करून टाकलं: ‘पळतो तो आपला, बसतो तो त्याचा.’ पुढं कित्येक प्रशिक्षणांत मी हेच वाक्य वापरलं. स्लाइडवरचं सगळं लोक विसरतात, हे विसरत नाहीत.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. खोडावर मुंग्यांची वर-खाली रांग लागलेली होती. मिलीबगच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावून लावतात. मुंग्यांचा बंदोबस्त न करता भुंगेरे सोडणं म्हणजे पहारा असलेल्या वाड्यात पाहुणा पाठवण्यासारखं. तेव्हापासून मी बागेत शिरलो की पानाकडं नंतर बघतो, आधी खोड, खोडाची सुटलेली साल आणि सालीखालची पांढरी पूड. खरड छाटणीच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीच्या, वेळी ती साल काढली असती तर फेब्रुवारीतली निम्मी धावपळ वाचली असती. आयपीएममधला बराचसा ‘आय’, म्हणजे एकात्मिकपणा, हा असा कुठल्या तरी मागच्या महिन्यात राहून गेलेला असतो.

आता या कामाचा पाया. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हॅगन या चौघांनी एक निबंध छापला, आणि आपण परीक्षेत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणून जे लिहितो ते तिथून आलं. कीड असणं आणि कीड परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकाच त्याचा गाभा. पुस्तकात ही पातळी एका आकड्यात असते. बागेत तो आकडा भाव, माल कुठं जाणार, काढणीला किती दिवस उरले, मित्रकीटक किती आहेत यांवर रोज हलतो. तो हलता आकडा अंदाजानं पकडणं हीच आमची कारागिरी. त्यासाठी शेंडे कोऱ्या कागदावर झटकून फुलकिडे (थ्रिप्स) मोजायचे, सापळ्यातले पतंग मोजायचे, वहीत तारखेसह लिहायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडांशी परत जायचं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू?

न मोजता केलेल्या घाईची माझी स्वतःची गोष्ट ऐक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर छाटणीनंतर एका बागेत उडद्या भुंगेरे दिसले म्हणून मी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक दिलं, आणि लगेच दुसऱ्यांदाही दिलं. उडद्या गेला, शेतकरी खूश. पुढं पानं तांबूस पडायला लागली. लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. त्याला खाणारे भक्षक कोळी आणि ढालकिडे आम्हीच साफ केले होते. मग कोळीनाशकाच्या फवारण्या, त्यांचा खर्च, शेतकऱ्याचा राग. एका किडीच्या बंदोबस्तात दुसरी कीड मी स्वतः पेरली होती. हे पाठ्यपुस्तकात होतं, मी त्यावर दहा मार्कांचं उत्तरही लिहिलेलं होतं.

पैशाकडं येतो. माझी पहिली नोकरी एका औषध कंपनीत, पगार सहा हजार. काम ‘तांत्रिक सल्लागार’, पण तिमाहीला टार्गेट. ज्याच्या पगाराची साखळी बाटलीला बांधलेली आहे त्यानं ‘बाटली नको’ कसं म्हणायचं? चार वर्षांत मी बाहेर पडलो. कंपनीतली नोकरी वाईट असं मी म्हणत नाही. तिथं चाचण्या कशा घ्यायच्या, लेबल कसं वाचायचं, शेतकऱ्याशी कसं बोलायचं हे शिकायला मिळालं. फक्त तिथं आयपीएम होत नाही, हे डोक्यात स्पष्ट ठेव.

बाहेर पडल्यावर कळलं की सल्ल्याची किंमत बाजारात शून्य आहे. कृषी सेवा केंद्रात सल्ला फुकट मिळतो, कारण त्याचे पैसे औषधात असतात. मी एकरी, हंगामाची फी घ्यायला लागलो आणि दुकानांकडून एक रुपयाही कमिशन घ्यायचं नाही असं ठरवलं. पहिल्या हंगामात एका बागायतदाराच्या तीन फवारण्या वाचल्या. शेवटी बिल द्यायला गेलो तर तो म्हणाला, ‘साहेब, पण तुम्ही केलं काय?’ तो उद्धटपणे बोलला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. न झालेल्या फवारणीची पावती नसते. दुसऱ्या वर्षापासून मी दर आठवड्याला एक कागद द्यायला लागलो: इतके फुलकिडे, इतके मित्रकीटक, म्हणून फवारणी टाळली, वाचलेला खर्च इतका. तोच माणूस पुढं अकरा हंगाम माझ्याकडं होता.

बागायतदारांना ही किंमत निर्यातीनं शिकवली, आम्ही नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अवशेष तपासणीची यंत्रणा उभी राहिली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडवरून पुन्हा कंटेनर अडकले. ते तर कीटकनाशकही नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. त्यानंतर ‘काय मारू’ इतकाच ‘काय मारू नको’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आंब्याचंही तसंच. अमेरिकेनं २००७ मध्ये आपला आंबा घेतला तो विकिरण करूनच, म्हणजे त्यातली कीड किरणांनी निकामी करूनच, आणि फळमाशीमुळे युरोपीय संघानं २०१४ च्या मे महिन्यात हापूसला दार बंद केलं ते २०१५ मध्येच उघडलं. फळमाशी कोण, ती कुठं कोष करते, पडलेली फळं का गोळा करायची, हे जाणणाऱ्या माणसाला पॅकहाउसमध्ये, म्हणजे निर्यातीचा माल निवडून भरतात तिथं, खुर्ची मिळायला लागली ती या धक्क्यांनंतर.

फळमाशीवरून आठवलं. तिचे नर ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलच्या सापळ्याचं मूळ आपल्याच देशात आहे. बिहारमधल्या पुसा इथं हॉवलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ होता. त्याच्या एका सहकाऱ्यानं डासांसाठी सिट्रोनेला तेल वापरलं आणि त्यावर फळमाशीचे नर गोळा झाले. त्या धाग्यावरून तो १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉलपाशी पोचला. तुळशीतही हे द्रव्य असतं, म्हणून तुळशीभोवती कधी कधी फळमाशीचे नर घिरट्या घालताना दिसतात. बघ कधी सकाळी.

बागेबाहेर बघायची सवय लागली ती मात्र रस शोषणाऱ्या पतंगामुळे. जालन्याकडची आंबे बहाराची मोसंबी, सप्टेंबर, फळगळ सुरू. शेतकऱ्यानं दोनदा फवारलं होतं, फरक शून्य. रात्री नऊ वाजता बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळून आम्ही बागेत शिरलो. फळांवर मोठाले पतंग, मिटल्यावर वाळक्या पानासारखे, पंख उघडला की आत नारिंगी. सोंड थेट सालीतून आत. हा रात्री बाहेरून येतो, आतला रस पितो आणि निघून जातो, सालीवरचं औषध त्याला काय करणार? त्याची अळी मोसंबीवर नसतेच. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. सकाळी कुंपणाला फेरी मारली तर आजींनी काढ्यासाठी कौतुकानं वाढवलेली गुळवेल, आणि तिच्यावर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या काळपट अळ्या. गुळवेल उपटा म्हणायची माझी छाती झाली नाही. आजींच्या नातवाला रोज सकाळी अळ्या वेचायचं काम दिलं, बांधावरची जंगली वासनवेल काढली, पडलेली फळं पुरली. फळगळ थांबली नाही, पण मालकाला सोसेल इतकी उतरली. आमच्या कामात यश बहुतेक वेळा एवढंच असतं.

लँडस्केपचं गणित निराळं. तिथं उत्पादन नाही, म्हणून नुकसानीची पातळीही नाही. तिथली पातळी म्हणजे माणसाला किती किळस येते. एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तगरीवर सापाचं पिल्लू आहे, मुलांना खाली सोडत नाही आहोत, ताबडतोब फवारणी करा. ती ओलिएंडर हॉक मॉथची अळी होती. बोटाएवढी जाड, पोपटी, आणि छातीवर दोन निळे डोळे. खरे डोळे नव्हेतच ते, पक्ष्यांना घाबरवायला आहेत. सेक्रेटरीही घाबरले, म्हणजे काम करतात. मी अळी हातावर घेतली, जमलेल्या मुलांना दाखवली, एका मुलीनं ती बरणीत तगरीच्या पाल्यासकट घरी नेली. त्या भेटीचं बिल मी लावलं, आणि ते मंजूर व्हायला सोसायटीच्या दोन मीटिंगा लागल्या.

सातवीण हे दुसरं उदाहरण. पुण्यात रस्तोरस्ती लावलेली आहे, आणि तिच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. सायला नावाच्या बारीक किड्याचं ते काम. झाड विद्रूप दिसतं, मरत नाही. गाठ आली की किडा आत सुरक्षित, वरून फवारून काही होत नाही. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी फवारणीचं कोटेशन मागतं. शोभेच्या झाडांसाठी नोंदणी असलेली औषधं आधीच थोडी, खाली मुलं खेळतात, कुत्री फिरतात. इथं ‘नको’ म्हणायला मला आता अर्धं मिनिटही लागत नाही.

उलट जिथं घाई हवी तिथं लोक निवांत असतात. नव्या प्रकल्पाच्या दारात रुबाब म्हणून मोठाले खजूर आणून लावतात. खोड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा त्यांत आधीपासून असू शकतो, आणि लावताना झालेल्या जखमांच्या वासावर नवाही येतो. खोडातून तपकिरी चिकट पाणी, चघळलेल्या उसाच्या चोथ्यासारखा भुसा, आंबूस वास, कान लावला तर आतून करकर. हे दिसलं तर दिवस मोजायचे नाहीत. मधला शेंडा वाकल्यावर मला बोलावतात, तेव्हा मी फक्त झाड कापून नीट नष्ट कसं करायचं तेवढं सांगू शकतो. एका ठिकाणी बारा खजुरांपैकी सात गेले, कारण पहिल्या मेलेल्या झाडाचा बुंधा महिनाभर तिथंच आवारात पडू दिला होता. आणि शहरात वाळणाऱ्या झाडांपैकी कितीतरी ठिकाणी किडा निमित्तमात्र असतो. बुंध्याला गच्च काँक्रीटचं आळं, मुळांवर राडारोडा, तोडलेली मुळं. झाड आधी खंगतं, मग भुंगेरा येतो, आणि आळ त्याच्यावर जातो.

आता तुझ्या कामाचं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठूनही एम.एस्सी. कीटकशास्त्र कर, पण मार्गदर्शक असा निवड जो स्वतः शेतात जातो. पीएच.डी. विद्यापीठात किंवा आयसीएआरमध्ये (भारतीय कृषी संशोधन परिषदेत) जायचं असेल तरच. तिथली कामं फार मोलाची आहेत. २००८ मध्ये कोइमतूरला दिसलेला पपईवरचा मिलीबग महाराष्ट्रातही पसरला. २०१० मध्ये बंगळूरच्या संस्थेनं, आज तिला एनबीएआयआर (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) म्हणतात, प्वेर्तो रिकोहून त्याचे परजीवी गांधीलमाशीसारखे बारीक किडे आणून सोडले आणि तो आटोक्यात आला. असं काम सल्लागाराच्या हातून होत नाही. बाकी कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाचा विषय विशेषज्ञ, निर्यातदारांकडं, मित्रकीटकांच्या प्रयोगशाळेत, आयात-निर्यातीच्या मालातली कीड तपासणाऱ्या क्वारंटाइनमध्ये जागा असतात. सोसायट्यांत स्वतः औषधं मारायचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो, आणि त्यासाठी शेतीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण. शेतीची पदवी तुझ्याकडं वर्षभरात येईलच, प्रशिक्षण उरकून ठेव.

फवारणाऱ्या माणसाकडं बघायला कॉलेजात शिकवत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले ते तू वाचलं असशील. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, वाऱ्याची दिशा, मजुराच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आहे का, हे तुझ्या शिफारशीच्या चिठ्ठीवर आलं पाहिजे. न वाचता येणाऱ्याला तोंडानं सांग, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घे.

मुलीला झेपतं का? माझ्याकडं सध्या दोघी काम करतात. अडचणी खऱ्या आहेत: बागेत बाथरूम नसतं, रात्रीच्या सापळ्यांना एकटीनं जाता येत नाही, आणि पहिल्या भेटीत शेतकरी तुझ्या मागं उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ‘साहेब’ म्हणतो. दुसऱ्या भेटीत म्हणत नाही. घडात हात घालणाऱ्या बायका मात्र तुझ्याशी पहिल्या दिवसापासून बोलतील. माझ्याशी बोलायला त्यांना वर्ष लागायचं, आणि बागेची खरी बातमी त्यांच्याकडंच असते.

घरच्यांशी भांडायच्या आधी एक कर. होस्टेलजवळचं एखादं कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड धर. दहा रुपयांची वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग. दर तीन दिवसांनी त्याच वेळी जा, फुलपाखराची अंडी किती, अळ्या किती, कोळी, मुंग्या, ढालकिडे किती, किती अंडी काळी पडली, ते लिही. काळी पडलेली अंडी वेगळ्या डबीत ठेव आणि त्यातून काय बाहेर येतं ते बघ. अळी नाही आली तर घाबरू नकोस, तेच बघायचं आहे. आठ आठवडे, एकही खाडा नाही. कंटाळा कितव्या आठवड्यात आला तेही लिही, आणि मग मला वहीचे फोटो पाठव. अक्षर कसंही चालेल, तारखा मात्र हव्यात.